तिरकी धरलेली श्वासपेटी

मित्रांनो, मी एक जुनी श्वासपेटी आहे. सध्या पर्थ शहराच्या एका उपनगरात, रस्त्याकडेच्या गवतावर, एक डाग पडलेली गादी आणि एक मोडका पंखा यांच्या मधोमध पडले आहे. वर्षातून एकदा इथली माणसे नको झालेले सामान घरासमोर आणून मांडतात. नगरपालिकेची गाडी यायच्या आत दुसरी माणसे ते मोटारीत घालून घेऊन जातात. पुढच्या वर्षी तेच सामान त्यांच्या दारासमोर दिसते. याला इथे साफसफाई म्हणतात. गादीला सकाळपासून दोन गिऱ्हाइके येऊन गेली. मला कोणी विचारलेले नाही. तेव्हा गाडी येईपर्यंत माझी हकीकत सांगून टाकते.

माझे रूप अगदी साधे आहे. तीन उभ्या पारदर्शक नळ्या, प्रत्येकीत एक निळी गोळी, आणि बाजूला एक वाकडी लवचीक नळी. ती तोंडात धरून श्वास आत ओढायचा. बेताचा श्वास असेल तर एक गोळी वर जाते, बरा असेल तर दोन, भरपूर असेल तर तीन. एवढेच माझे शिक्षण. माझा जन्म एका कारखान्यात साच्यातून झाला. त्याच साच्यातून माझ्या इतक्या बहिणी निघाल्या की कोणाचेच बारसे झाले नाही.

आमच्या जातीच्या नशिबी एक अपमान कायमचा लिहिलेला आहे. मला हातात घेतले की प्रत्येक जण फुंकतो. डॉक्टरांनी सांगितले, परिचारिकेने सांगितले, माझ्या अंगावर बाण काढलेला आहे, तरी फुंकतो. नळी दिसली की माणसाला काहीतरी बाहेर टाकावेसे वाटते. आत घ्यायची वेळ आली आहे, हे त्याला पटत नाही.

नेव्हेन्कानेसुद्धा आधी फुंकलेच.

नेव्हेन्का म्हणजे माझी मालकीण. वय बासष्ट. शाळेच्या उपाहारगृहात उभी हयात काढून, अख्ख्या उपनगराच्या मुलांना सॉसेज रोल खाऊ घालून ती निवृत्त झाली होती. इस्पितळातल्या ओर्ला नावाच्या आयरिश मुलीने मला पिशवीतून काढून तिच्या हातात दिले. श्वासाचे व्यायाम शिकवणे हे ओर्लाचे काम होते.

"नेव्हेन्का, फुंकायचं नाही हं. आत ओढायचं. जाड मिल्कशेक पितो तसं."

"चाळीस वर्षं मी ते विकलेत गं. प्यायला वेळ कुणाला होता?"

मग तिने ओढले. एक गोळी वर गेली, दुसरी जागच्या जागी थरथरली, तिसरीला पत्ताच नव्हता.

"छान! ऑपरेशनपर्यंत रोज करत राहा. नंतर फार उपयोग होतो," ओर्ला म्हणाली. ती सगळ्यांनाच छान म्हणत असे.

तिथे एक चूक झाली. ओर्ला म्हणाली व्यायाम. नेव्हेन्काने ऐकले परीक्षा.

हे समजायला तुम्हाला थोडे मागे जावे लागेल. आपल्या फुप्फुसाभोवती आणि छातीच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्तर असते, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे. त्या अस्तराचा कर्करोग नेव्हेन्काला झाला होता. तो फार दुर्मिळ असतो असे म्हणतात. जगात असेल. नेव्हेन्काच्या लहानपणच्या गल्लीत तो घरोघर होता.

ती गल्ली दूर उत्तरेला, निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणीपाशी होती. आता ते गाव नकाशावरून खोडले आहे. तिचा बाप युरे क्रोएशियातून येऊन तिथे लागला. गावात लाल धूळ फार. धुतलेले कपडे दोरीवरच लाल व्हायचे. बायकांनी तक्रार केली, तेव्हा खाणीतून उरलेला निळा कोंडा फुकट मिळू लागला. लोकांनी तो अंगणात पसरला, शाळेच्या मैदानात पसरला, शर्यतीच्या मैदानातही पसरला. लाल धूळ खाली बसली. पोरे निळ्या कोंड्यात घरे बांधू लागली. नेव्हेन्का आणि तिचा थोरला भाऊ स्टिपान यांचे घर सगळ्यांत मोठे होते, असे स्टिपान अजून अभिमानाने सांगतो. लाल धुळीने त्या गावात कोणीही मेले नाही.

त्या गावात वर्षातून एकदा डॉक्टर येऊन कामगारांच्या छात्या तपासत असे. जो नापास होई, त्याची नोकरी जाई आणि नोकरीबरोबर घरही. त्यामुळे पास होणे ही तिथली विद्या होती. तपासणीच्या सकाळी युरे मधात कालवलेली राकी, म्हणजे त्यांच्या देशातली कडक दारू, घेऊन खोकला दाबायचा, वजन भरावे म्हणून खिशात दगड घालायचा, आणि "दम लागतो का?" या प्रश्नाला "छे!" म्हणायचा. तो दर वर्षी पास झाला. पास होत होतच गेला. बापाने मुलांना मागे जमीनजुमला ठेवला नाही, पण हे 'छे' ठेवले.

त्यामुळे मला घरी नेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्याभोवती परीक्षा मंडळ बसले. नेव्हेन्का, तिचा नवरा क्लेम आणि स्टिपान. क्लेम घरे रंगवायचा. रंगाऱ्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले असतात तेवढा आनंदी तोही होता, म्हणजे गुडघे दुखत होते आणि दारात नवा कॅरॅव्हॅन उभा होता. हिवाळा आला की इथले म्हातारे मोटारीमागे अशी चाकांवरची खोली ओढत उत्तरेकडच्या उबेला जातात. कॅरॅव्हॅन घेतल्याच्या दुसऱ्या महिन्यात नेव्हेन्काच्या छातीत पाणी सापडले. कॅरॅव्हॅनच्या दारापुढे खांबांवर ताणायचे पट्टेरी कापडी छत अजून एकदाही उघडलेले नव्हते.

"तिन्ही वर गेल्या पाहिजेत," स्टिपान म्हणाला.

"असं ओर्ला म्हणाली नाही," क्लेम म्हणाला.

"अरे रंगाऱ्या, असं कुणी तोंडावर सांगतं होय? तपासणारे कधी सांगत नाहीत. ते नुसते बघतात."

नेव्हेन्काने ओढले. एक. परत ओढले. दीड. तिच्या कपाळावर घाम आला.

मग स्टिपानने मला तिच्या हातातून घेतले, जरा निरखले, आणि तिरके धरले. "आता ओढ."

मित्रांनो, मला तिरके धरले की गोळ्यांना चढण राहत नाही, त्या नुसत्या घरंगळतात. तिन्ही गोळ्या टकटक करीत वर गेल्या. स्टिपानने टेबलावर मूठ आपटली. क्लेमने टाळ्या वाजवल्या, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या दिवसापासून त्या घरात मला कधी कोणी सरळ धरले नाही.

शस्त्रक्रियेचे डॉक्टर म्हणजे डॉक्टर मॅकिनर्नी, उंच, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या खोलीत नेव्हेन्का मला पर्समध्ये घेऊन गेली होती. डॉक्टरांनी विचारले तर तिथल्या तिथे करून दाखवता यावे म्हणून. डॉक्टरांनी माझे नावही काढले नाही. त्यांच्याकडे भिंतीएवढी यंत्रे होती. छातीची चित्रे त्यांनी पडद्यावर लावली होती.

"मी हे अस्तर फुप्फुसावरून आणि बरगड्यांच्या आतून सोलून काढणार," त्या म्हणाल्या. "जमेल तेवढं सगळं. मोठं काम आहे. भिंतीवरचा जुना वॉलपेपर काढतात तसं समजा."

"सुटा असला तर निघतो," क्लेम म्हणाला. "चिकटलेला असला तर भिंत घेऊन येतो."

"हो. तीच भीती आहे." डॉक्टर नेव्हेन्काकडे वळल्या. "आणि हे बघा, सगळं नीट झालं तरी हा आजार जात नाही. काही महिने जास्त मिळतील, कदाचित. त्यातले पहिले दोनतीन दुखण्यात जातील. ऑपरेशन नको असंही तुम्ही म्हणू शकता. मग आम्ही पाणी काढून टाकू, दुखणं आटोक्यात ठेवू. आत्ता तुम्ही चालताफिरताय. असे काही लोक फिरायला जातात."

"कुठे?"

"कुठेही. जिथे जायचं राहिलं असेल तिथे."

नेव्हेन्काला ते वाक्य नापासाच्या निकालासारखे ऐकू आले असावे. तिच्या गावात चालत्याफिरत्या माणसाला 'जा, फिरून ये' म्हणत, तेव्हा त्याचे घर दुसऱ्याला दिलेले असे.

"मला ऑपरेशन हवंय," ती म्हणाली. "त्यातून उठले की मग आम्ही जाणार आहोत. कॅरॅव्हॅन तयार आहे."

"ठीक आहे. पण चित्रात सगळं दिसत नाही, म्हणून मी विचारते त्याचं खरं उत्तर द्या. वजन कमी झालंय?"

"छे."

"दम लागतो का?"

"छे."

"पोटात काही जड वाटतं? दुखतं?"

मित्रांनो, पर्स तिच्या मांडीवर होती, आणि तिचा हात पर्सखाली पोटावर होता. पंधरवड्यापासून तो तिथेच असायचा. झोपेतही.

"छे," नेव्हेन्का म्हणाली. "जेवणानंतर सगळ्यांनाच वाटतं तेवढं."

क्लेम आपल्या बुटांकडे बघत होता. बुटांवर जुन्या रंगाचे थेंब होते, आणि ते त्याने याआधी पाहिलेले नसावेत इतके लक्षपूर्वक तो ते पाहत होता.

बाहेर परिचारिकेने वजन करायला काट्यावर उभे केले. भर उन्हाळ्याचे दिवस होते, गवत जळून करड्या रंगाचे झाले होते, आणि नेव्हेन्काच्या अंगात लोकरीचे जाकीट होते. जाकिटाच्या चारी खिशांत स्टिपानची मासे धरायच्या गळाला बांधायची शिशाची वजने होती. सकाळी त्याने ती स्वतः, समतोल साधून, भरली होती.

"चपला काढा हं," परिचारिका म्हणाली. "जाकीट राहू दे, थंडी वाजतेय वाटतं तुम्हाला. अरे वा! वजन अगदी मागच्या वेळेइतकंच आहे."

मोटारीत बसल्यावर स्टिपान इतका हसला की त्यालाच खोकला आला. "बाबा असते तर खूश झाले असते! दगडांपेक्षा शिसं बरं. जागा कमी घेतं."

"मी डॉक्टरांना फोन करून पोटाचं सांगू का?" क्लेमने हळूच विचारले.

"तू रंग दे," नेव्हेन्का म्हणाली.

"कसला?"

"कसलाही. गप्प बसून काहीतरी कर."

अशा रीतीने नेव्हेन्का पास झाली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी तिच्या खाटेशेजारच्या कपाटात, दात घासायच्या ब्रशजवळ होते. सहासात तास लागतील असे सांगितले होते. क्लेमने सोबत डबा, वर्तमानपत्र आणि शब्दकोडे आणले होते. कोड्याचा वरचा कोपराही भरून झाला नव्हता, तोच कोणीतरी येऊन सांगितले, की झाले, त्या बाहेर आल्या आहेत.

"लवकर आटोपलं!" क्लेम उठला. त्याच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद पूर्वी पाहिला नव्हता. "स्टिपान, लवकर आटोपलं!"

"म्हटलं नव्हतं? आमच्या घराण्याची छाती आहे ती."

क्लेम धावत खाली जाऊन परिचारिकांसाठी केक घेऊन आला. रंगाऱ्याच्या धंद्यात काम लवकर आटोपले की भिंत चांगली निघाली असे समजतात. मीही तसेच समजले. मला तीन गोळ्यांपलीकडे काय कळते?

डॉक्टर मॅकिनर्नी आल्या तेव्हा केक कापला जात होता. त्या बसल्या नाहीत आणि केकही घेतला नाही.

"आम्ही उघडलं," त्या म्हणाल्या. "आजार छातीचा खालचा पडदा ओलांडून पोटात उतरलाय. बरगड्यांतही घुसलाय. सोलण्यासारखं काही राहिलेलं नाही. म्हणून परत बंद केलं."

"म्हणजे काढलं नाही?" स्टिपान म्हणाला.

"नाही."

"नुसतं बघितलं?"

"हो."

स्टिपानच्या हातात केकची बशी होती. ती कुठे ठेवावी हे त्याला समजेना.

"मी विचारलं होतं," डॉक्टर क्लेमला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. तो चढता तर बरे झाले असते. "पोटात जड वाटतं का, असं. कळलं असतं तर मी आधी तिथे एक बारीक भोक पाडून बघितलं असतं. आणि आजची ही एवढी जखम केलीच नसती. तिला यातून उठायलाच दोन महिने लागतील."

"आणि मग?" क्लेमने विचारले.

"मग फारसं काही नाही," त्या म्हणाल्या.

ती जखम काखेखालून पाठीपर्यंत गेलेली होती. बरगड्या फाकवून पुन्हा जागेवर आणलेल्या होत्या, आणि त्या ते विसरायला तयार नव्हत्या. मला आता रोज कामाला लावले गेले. नेव्हेन्का उशी छातीशी घट्ट धरून खोकायची, मग मला तोंडाला लावायची. मी तिरकीच असायची, पण आता तिरकेपणाही पुरेना. ओर्ला येऊन "छान" म्हणायची आणि दाराबाहेर जाऊन थोडा वेळ उभी राहायची.

उन्हाळा संपला. शरद ऋतू जखमेत गेला. शेजारचे कॅरॅव्हॅन एकेक करून उत्तरेला निघाले. जाताना ते भोंगा वाजवीत, आणि क्लेम अंगणातून हात करी. मग आत येऊन तो सूप गरम करी. सूप तसेच राहिले की तो ते स्वतः उभ्याने पिऊन टाकी. स्टिपान बरेच दिवस फिरकला नाही. एकदा आला तो एक मोठा मासा घेऊन. नेव्हेन्काला वासही सहन होईना. तो मासा घेऊन परत गेला.

हिवाळ्यातल्या एका कोरड्या सकाळी नेव्हेन्का म्हणाली, "मला कॅरॅव्हॅनमध्ये ठेवा."

"अगं, कुठे जाणार अशा अवस्थेत?"

"जाणार कुठे? दारातच ठेवा. पैसे दिलेत त्याचे."

मग क्लेमने आणि स्टिपानने तिला खुर्चीसकट उचलून दारातल्या कॅरॅव्हॅनमध्ये नेले. मलाही नेले. स्टिपानने ते पट्टेरी छत पहिल्यांदा उघडले. कोरी घडी होती, कापडाला दुकानाचा वास होता. त्याचे खांब कसे लावायचे यावरून दोघांचे भांडण झाले.

"उलटं लावतोयस, मासेमाऱ्या."

"तू रंगव. मी उभं करतो."

"वाकडं झालंय."

"वाकडं नाही, तू तिरका उभा आहेस."

आतून नेव्हेन्का हसली. हसू बरगड्यांत गेले आणि ती ओठ दाबून थांबली.

छताखाली दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. समोर उत्तरेचा समुद्र असायला हवा होता. समोर कचऱ्याचे डबे होते. गल्लीतला एक म्हातारा कुत्रा घेऊन चालला होता. हिवाळ्यात मागे राहिलेल्यांपैकी तो एक. तो थांबला.

"काय नेव्हेन्का, निघालात का शेवटी?"

"निघालो काय," ती म्हणाली, "पोचलोसुद्धा."

तो हसला, टोपीला हात लावला, आणि कुत्र्यापेक्षा जलद चालत पुढे गेला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी स्टिपान तिच्या पायांशी बसला होता. बराच वेळ तो पायरीची कड नखाने खरवडत होता. "बाबा पास व्हायचे," तो एकदम म्हणाला.

"हो," नेव्हेन्का म्हणाली.

"मला वाटलं…"

"मलाही तेच वाटलं रे. तू एकट्याने नाही भरलीस ती वजनं. खिसे माझे होते."

स्टिपान उठून छताचा एक खांब, जो ठीक होता, परत घट्ट करू लागला.

"क्लेम," ती म्हणाली, "ते खेळणं दे जरा."

क्लेमने मला खणातून, चमच्यांच्या शेजारून काढले, तिच्या तोंडाशी धरले, आणि सवयीने तिरके केले.

"सरळ धर."

"अगं, राहू दे…"

"सरळ."

मित्रांनो, कितीतरी महिन्यांनी मी सरळ उभी राहिले. तिने ओठ नळीवर ठेवले, डोळे मिटले, आणि होते तेवढे सगळे ओढले. माझ्या पहिल्या नळीतली गोळी थरथरली. किंचित वळली. जागची उठली नाही.

नेव्हेन्काने डोळे उघडून पाहिले. तिघांनीही पाहिले.

"हं," ती म्हणाली. "बरोबर आहे."

क्लेमने मला गवतावर ठेवले. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो त्या घराण्यात आजवर फक्त परक्या माणसांनी विचारला होता.

"दम लागतो का गं?"

"हो," नेव्हेन्का म्हणाली. "खूप लागतो."

त्या घराण्याचे हे पहिले खरे उत्तर. ते ऐकायला आता कोणी डॉक्टर नव्हता. क्लेमने तिच्या पाठीमागे हात घातला आणि तिला टेकू दिला. तसेच ते दोघे कचऱ्याच्या डब्यांकडे बघत बसले. ती त्याच आठवड्यात गेली. पट्टेरी छत दुमडताना क्लेमला त्याची घडी जमेना, म्हणून ते तसेच गुंडाळून ठेवले. पुढे कॅरॅव्हॅन विकला गेला. ज्यांनी घेतला ते उत्तरेला जाऊन आले म्हणे. बरे झाले. तिकडे हवा चांगली असते.

तर अशी मी. आताच एक बाई मोटार थांबवून उतरली होती. तिने पंखा हलवून पाहिला, गादी बोटाने दाबली, मग मला उचलले. क्षणभर मला आशा वाटली. तिने नळी तोंडाला लावली आणि फुंकली. काहीच झाले नाही. "मोडकंय," ती म्हणाली, आणि मला परत गवतावर टाकून पंखा घेऊन गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंकडून शेवटी उपदेशाची अपेक्षा असते. मी एवढेच म्हणते. मला नीट ठेवले नाही तरी चालेल, धूळ बसली तरी चालेल, गाडीखाली चिरडले तरी माझे काही जाणार नाही. पण मला धराल तेव्हा सरळ धरा. आणि पांढऱ्या कोटातला कोणी माणूस तुमच्यासमोर बसून विचारील, "दम लागतो का?", तेव्हा तो तुमचे घर काढून घ्यायला आलेला नसतो. लागत असेल तर हो म्हणा.

गाडीचा आवाज येतो आहे.